विक्रोळीतील रविवारची बाग: श्रमदानाच्या नोंदी, डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५

८ डिसेंबर २०२४, रविवार

विक्रोळी पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या खाडीकडच्या बाजूला, आमच्या सहा इमारतींच्या मधोमध साधारण ६० बाय ८० फुटांचा मोकळा तुकडा आहे. घरोघरच्या दुरुस्तीचा राडारोडा वर्षानुवर्षे तिथे येऊन पडत आला आहे. पावसाळ्यात तिथे तळे साचते आणि उरलेले आठ महिने दुचाक्या उभ्या असतात. मुले जिन्यात खेळतात, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला उतरलेल्या आजी-आजोबांना टेकायला एक दगडसुद्धा नाही. ही जागा वर्गणी आणि श्रमदान यांच्या बळावर आपणच बागेसारखी करावी, असे सहाही सोसायट्यांच्या बैठकीत ठरले. असेच काम हाती घेणाऱ्या इतर वसाहतींना उपयोग व्हावा म्हणून मी या नोंदी ठेवत आहे. जिथे चूक होईल तिथे ती कशामुळे झाली आणि किती पैशांना पडली, हेही लिहिणार आहे.

आज पहिल्याच दिवशी ३१ जण आले आणि दुपारी बारापर्यंत ११ उरले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आमच्याकडे तीन घमेली, दोन फावडी आणि एकच पहार होती, त्यामुळे निम्म्याहून अधिक माणसे नुसती उभी होती. पुढच्या वेळेपासून सकाळी ७ ते ९.३० एवढेच काम ठेवायचे आणि जितकी अवजारे तितकीच माणसे एका पाळीला बोलवायची, असे ठरवले.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

काम थांबले आहे आणि चूक पूर्णपणे आमची आहे. जागा ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तिथे आम्ही तोंडी विचारणा केली होती आणि 'करा की' असे उत्तर मिळाल्यावर तेवढ्यावरच काम सुरू केले. सफाई करताना जागेवरच्या सुबाभळीच्या दोन जाड फांद्या कोणीतरी तोडल्या. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, याची आमच्यातल्या अनेकांना कल्पनाच नव्हती. तक्रार झाली, काम थांबवण्याचे पत्र आले आणि लेखी खुलासा द्यावा लागला.

नव्याने केलेल्या अर्जात आम्ही चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: पक्के बांधकाम करणार नाही, जागा सर्वांसाठी खुली राहील, उभ्या झाडांना हात लावणार नाही आणि देखभालीची जबाबदारी सहाही सोसायट्यांची राहील. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि सहा अध्यक्षांच्या सह्या जोडल्या आहेत.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

लेखी परवानगी गुरुवारी हाती आली. सहा आठवडे गेले, तेही थंडीचे, म्हणजे मुंबईत कष्टाच्या कामासाठी सर्वांत चांगले. परवानगीआधी वर्गणी गोळा केली नव्हती, हे मात्र बरे झाले. आता प्रत्येक सोसायटीचे १५,००० आणि रहिवाशांनी स्वेच्छेने दिलेले ३१,५०० असे एकूण १,२१,५०० रुपये जमले आहेत. खर्चाची वही तळमजल्यावर, कोणालाही पाहता येईल अशी ठेवली आहे.

आज चार कोपऱ्यांत दोन-दोन फूट खोल खड्डे घेतले. वरचा फूटभर थर विटा, टाइल्स आणि प्लास्टरचा आहे आणि त्याखाली खाडीची काळी चिकण माती आहे. प्रत्येक खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून ठेवले. सकाळी आठला ओतलेले पाणी संध्याकाळी सहाला पूर्वेकडच्या खड्ड्यात जवळजवळ तेवढेच होते. आमच्या शेजारच्या इमारतीतले काका तीस वर्षे गवंडीकाम करून आता घरी असतात. ते त्या खड्ड्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, आधी पाणी कुठे जाणार ते मला सांगा, मग पेव्हर कुठे बसवायचे ते मी सांगतो." मी त्यांना सांगितले की ते आपण पावसाळ्याआधी बघू.

२ मार्च २०२५, रविवार

सगळा राडारोडा उचलून न्यायचा तर सात-आठ डंपर लागले असते. एका फेरीला ४,५०० रुपये भाव सांगितला गेला. म्हणून तो जागेवरच निवडायचे ठरवले. एका घरातून जुनी लोखंडी खाट मिळाली. तिच्या चौकटीवर जाळी ताणून बांधली, ती भिंतीला तिरकी टेकवली आणि त्यावर फावड्याने माल टाकू लागलो. विटांचे तुकडे खाली घरंगळतात, माती जाळीतून पलीकडे पडते आणि काच, तारा, टाइल्सच्या कपच्या वरच्यावर हाताने वेचता येतात. विटांचा रोडा वाटेखाली भरण्यासाठी ठेवला. प्लास्टरचा चुरा झाडांच्या खड्ड्यात जाऊ द्यायचा नाही, कारण त्यातल्या चुना-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि रोपे पिवळी पडतात. तो चुरा, काच आणि टाइल्स एवढेच बाहेर पाठवले आणि तीन फेऱ्यांत, १३,५०० रुपयांत काम झाले.

या एका कामाला चार रविवार लागले. दहावीतल्या एका मुलाच्या तळहाताला सुती हातमोज्यातून काच लागली. तेव्हापासून रबरी तळव्याचे जाड मोजे घेतले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले नसेल त्याला चाळणीवर उभे करत नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता.

९ मार्च २०२५, रविवार

आरे वसाहतीतल्या एका तबेल्यातून ४० गोण्या शेणखत आणले. टेंपोसह ५,२०० रुपये झाले. गोण्या उघडल्यावर लक्षात आले की हे शेणखत नसून जेमतेम आठवड्याचे शेण आहे. हात घातला तर आत गरम लागत होते. असे शेण मुळाशी घातले तर मुळे भाजतात आणि त्यात हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळीही वाढते. ते परत पाठवण्यापेक्षा पर्जन्यवृक्षाखाली त्याचा ढीग केला, वाळलेल्या पानांचे थर घातले, गोणपाटाने झाकले आणि दर रविवारी वर-खाली करायचे ठरवले. लागवड जूनमध्ये आहे, तोवर ते मुरेल. एप्रिलमध्ये लागवड करायची असती तर हे पैसे वाया गेले असते. खत घ्यायला जाल तेव्हा गोणीत हात घालून पाहा. मुरलेले खत भुसभुशीत आणि थंड असते आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो.

३० मार्च २०२५, रविवार

पाडवा असल्यामुळे सात जणच आले. मार्चभर परीक्षांमुळे पालक घराबाहेर पडत नाहीत, हे वेळापत्रक आखताना लक्षात घ्यायला हवे होते. जवळच्या रस्त्याचे काँक्रीटीकरण होताना निघालेले जुने पेव्हर ब्लॉक रीतसर मागून मिळाले. वाहतुकीच्या तीन फेऱ्यांचे ५,४०० रुपये पडले.

१३ एप्रिल २०२५, रविवार

लाल मातीचे दोन डंपर, प्रत्येकी दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), १९,००० रुपयांत पडले. ती दाबून बसवण्यासाठी टँकर मागवायचा बेत होता, पण गुरुवारपासून मुंबईत टँकरवाल्यांचा बंद सुरू आहे. त्यामुळे एक गोष्ट आत्ताच ध्यानात आली हे चांगले झाले: ज्या बागेचे पाणी टँकरवर अवलंबून आहे ती पहिल्याच उन्हाळ्यात वाळेल, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळावर हक्क सांगणे आम्हाला कोणालाच पटत नव्हते.

म्हणून पहिल्या दोन इमारतींतल्या एसीच्या निथळणाऱ्या नळ्या एकत्र जोडून १,००० लिटरच्या जुन्या टाकीत सोडल्या. टाकी आणि जोडणी मिळून ५,७०० रुपये लागले. उन्हाळ्यात त्यातून रोज सव्वाशे-दीडशे लिटर पाणी मिळते. हे पाणी जवळजवळ क्षारहीन असते, त्यामुळे रोपांना चालते. घरोघरच्या आरओ यंत्राचे टाकून दिले जाणारे पाणीही लोक आणून देऊ लागले, पण त्यात क्षार जास्त असतात. ते फक्त माती दाबायला आणि अवजारे धुवायला वापरतो.

२७ एप्रिल २०२५, रविवार

बाकांसाठी पैसे खर्च करायचे नाहीत असे ठरवले होते. पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असलेल्या एका इमारतीतून स्वयंपाकाच्या ओट्यांचे कडाप्पे मिळाले. प्रत्येक सुमारे चार फूट लांब आणि इंचभर जाड होता. विटांचे दोन खांब बांधून त्यावर पहिला कडाप्पा ठेवला. संध्याकाळी तीन काकू एकदम बसल्या आणि तो मधोमध दुभंगला. सुदैवाने कोणाला लागले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ज्यांच्यासाठी हे काम चालले होते त्यांनाच इजा होण्याची वेळ मी आणली होती.

काकांनी उरलेले कडाप्पे उभे करून एकेकावर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहायला शिकवले. अखंड कडाप्पा खणखणीत वाजतो आणि आत पापुद्रा सुटलेला असेल तर बद्द आवाज येतो. अकरापैकी चार बद्द वाजले, ते बाजूला काढले. आता प्रत्येक बाकाला मध्ये तिसरा खांब दिला आहे आणि दोन कडाप्पे सिमेंटमध्ये एकावर एक बसवले आहेत. बाक पाचांऐवजी तीनच झाले.

११ मे २०२५, रविवार

वाट पूर्ण झाली, असे आज वाटत आहे. अडीच फूट रुंदीची, जागेला वळसा घालणारी वाट लाल मातीवर थेट पेव्हर बसवून तयार केली आहे. काकांनी दोनदा सांगितले की खाली रोडा भरून धुम्मसाने ठोकल्याशिवाय ब्लॉक बसवू नका, पण सुट्टीत गावी जाण्याआधी लोकांना काहीतरी पूर्ण झालेले दिसावे, या घाईत मी ते बाजूला ठेवले. मुलांच्या कोपऱ्यात दहा जुने टायर रंगवून उभे पुरले. झोपाळा मात्र फॅब्रिकेटरकडून १६,५०० रुपयांना करून घेतला. ज्यावर मुलाचा जीव टांगलेला असतो ती वस्तू श्रमदानातून करू नये, या मतावर मी पहिल्या बैठकीपासून ठाम होते.

२८ मे २०२५, बुधवार

मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते आणि आमचे सगळे वेळापत्रक त्या तारखेवर बेतलेले होते. यंदा वळवाचा जोर २० मेपासूनच होता आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला. कुलाब्यात तर मे महिन्याच्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. आमची अर्धी माणसे गावी होती.

सोमवारी दुपारी मी खाली उतरले तेव्हा पूर्वेकडचा कोपरा घोट्यापेक्षा वरपर्यंत भरला होता आणि चारही बाजूंची लाल माती त्यात वाहत येत होती. वाटेवर पाय ठेवला की पेव्हर एका बाजूने दबत होता आणि दुसऱ्या बाजूच्या फटीतून लाल पाण्याची चिळकांडी उडत होती. काही ठिकाणी वाट चार इंच खचली होती. वाटेला कडेने अडवणारे काही नव्हते, त्यामुळे बाहेरच्या ओळी सुटून गवतात गेल्या होत्या. आणलेल्या मातीपैकी निदान पाव भाग रस्त्यावर वाहून गेला आणि तळमजल्याच्या दोन घरांच्या उंबऱ्यापर्यंत चिखल पोहोचला. त्या दोन्ही घरांत जाऊन मी माफी मागितली आणि आम्ही चौघांनी त्यांची ओसरी धुऊन दिली.

काकांना भेटायला गेले. त्यांनी फेब्रुवारीतल्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. "लेव्हल नळी आहे का तुमच्याकडे?" एवढेच विचारले.

८ जून २०२५, रविवार

जे काम सर्वांत आधी करायला हवे होते ते आता केले. वीस फूट लांब पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन टोके दोघांनी धरून, जागेवर दर पाच फुटांवर खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटीवर पाण्याच्या पातळीची खूण केली. डोळ्यांना सपाट वाटणारी जागा पश्चिमेकडून पूर्वेकडे नऊ इंच उतरती निघाली आणि मधोमध उलटी खोलगट होती. म्हणजे पाणी मध्ये साचणार आणि भरून वाहू लागले की घरांकडे जाणार, हे आधीच ठरलेले होते.

आधी आम्ही शोषखड्डा घ्यायचा विचार केला, पण चिकण मातीत तो एकदा भरला की भरलेलाच राहतो. फेब्रुवारीतल्या त्या खड्ड्याने हे दाखवूनच दिले होते. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे, दर दहा फुटांना दोन इंच उतार देऊन एक चर खणला. त्यात चार इंची, छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप टाकला, भोवती खडी भरली आणि माती आत जाऊ नये म्हणून वर गोणपाट अंथरले. पाइपचे टोक रीतसर परवानगी घेऊन पावसाळी गटाराला जोडले. पाइप आणि खडीचे ७,४०० रुपये झाले. पूर्वेकडचा सखल कोपरा भरून काढण्याचा हट्ट सोडला आणि तो मुद्दाम बशीसारखा खोल ठेवून त्यात कर्दळ आणि अळू लावायचे ठरवले.

२२ जून २०२५, रविवार

सगळे पेव्हर उचलले. चाळून ठेवलेला रोडा चार इंच भरला, धुम्मसाने ठोकला, त्यावर दोन इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा पसरला आणि पुन्हा ब्लॉक बसवले. दोन्ही कडांना फुटलेले कडाप्पे उभे पुरून आधार दिला. एक ब्रास कचीचे ५,५०० रुपये झाले. काकांनी स्वतःची मजुरी घेतली नाही. त्यांच्या ओळखीच्या गवंड्याला पूर्ण कामाचे नऊ दिवसांचे १०,८०० रुपये दिले, त्यातले तीन दिवस फक्त हे दुसऱ्यांदा करण्यात गेले.

आजच लागवडही केली. चिकण आणि किंचित खारट माती सोसणारी झाडे हवी होती, म्हणून खाडीच्या बाजूला करंज, उंडी आणि परस पिंपळ, तर आतल्या बाजूला ताम्हण, बहावा आणि बकुळ लावले. गुलमोहराची मागणी बरीच होती, पण त्याची मुळे उथळ पसरतात आणि मुंबईच्या पावसात तो उन्मळून पडण्याची भीती असते. खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावर तो नको, असे मी समजावले. २२ झाडे आणि १४० झुडपे मिळून ९,३०० रुपये झाले. मार्चमधले शेण आता काळे, भुसभुशीत झाले होते.

२० जुलै २०२५, रविवार

दुसऱ्या इमारतीत डेंग्यूचा एक रुग्ण आढळला. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी तपासणीला आले आणि आमच्या रंगवलेल्या टायरांमध्ये त्यांना डासांच्या अळ्या सापडल्या. मे महिन्यात आम्ही टायरांना खालून छिद्रे पाडली होती, पण पाने अडकून ती बुजली होती. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सात-दहा दिवसांत नवे डास तयार होतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा नुसते वरवर पाहणे पुरेसे नव्हतेच. त्याच दुपारी दहाही टायर उपटून बाहेर पाठवले. त्या जागी पुनर्विकासाच्या इमारतीतून मिळालेले लाकडी दाराचे दोन उंबरठे आणि मातीचा एक उंचवटा केला आहे. मुलांना उंचवटाच अधिक आवडला. बागेत टायर वापरण्याचा विचार कोणी करत असेल तर निदान मुंबईच्या हवेत तो करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

सोमवारी आणि मंगळवारी मुंबईत अतिवृष्टी झाली, शाळांना सुट्टी द्यावी लागली. मंगळवारी सकाळी छत्री घेऊन मी आणि काका दर अर्ध्या तासाने खाली जाऊन पाहत होतो. बशीत पाणी भरले आणि वाटेच्या काठापर्यंत आले. गटारच तुंबलेले असताना पाइपमधून पाणी बाहेर जाणार नव्हते, हे आम्ही धरूनच चाललो होतो. गटाराची पातळी उतरू लागल्यावर पाइपचे तोंड आवाज करू लागले आणि सुमारे चार तासांत वाट मोकळी झाली. एकही पेव्हर हलला नाही. दोन्ही तळमजल्यांच्या ओसऱ्या कोरड्या राहिल्या. काका काही बोलले नाहीत, त्यांनी पायाने एक-एक ब्लॉक दाबून पाहिला आणि घरी गेले.

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

गणपतीचे दिवस असल्याने काम ठेवले नाही, फक्त हिशेब पूर्ण केला. वर नोंदवलेल्या खर्चाव्यतिरिक्त बांबू, काथ्या आणि झाडांच्या जाळ्या यांना ३,९००, तर सिमेंट, हातमोजे, दोर आणि किरकोळ वस्तूंना ६,८०० रुपये लागले. एकूण खर्च १,०९,००० रुपये झाला. त्यात वाट दुसऱ्यांदा बसवण्याची मजुरी, वाहून गेलेली माती आणि टायरांचा रंग मिळून दहा हजारांच्या आसपास रक्कम निव्वळ चुकांची आहे. वेळ नऊ महिने गेला, त्यातले सहा आठवडे परवानगीविना सुरुवात केल्यामुळे. २२ झाडांपैकी एक बकुळ आणि एक ताम्हण गेले. दोन्हींच्या खड्ड्यांत प्लास्टरचा चुरा राहून गेला होता.

उरलेल्या १२,५०० रुपयांतून रंगीत प्रवेशद्वार करावे अशी सूचना आली होती. मी आग्रहाने ते पैसे पाण्यासाठी राखून ठेवले, कारण ऑक्टोबरपासून जूनपर्यंत २० झाडे जगवायची आहेत आणि थंडीत एसी बंद असताना टाकीत पाणी पडणार नाही. त्या महिन्यांत प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा एक बादली, अशा पाळ्या लावल्या आहेत. तक्ता जिन्यातल्या फळ्यावर लावला असून पहिली पाळी दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्याने, म्हणजे ज्यांच्या उंबऱ्यावर मे महिन्यात आमचा चिखल गेला होता त्याच दोन घरांनी, स्वतःहून मागून घेतली आहे.